वृद्ध श्वानाची रात्र आणि आपली निद्रा

मनुष्याच्या निद्रेविषयी शास्त्राला आज जे काही ठाऊक आहे, त्यातील मोठा हिस्सा कुत्र्याने दिलेला आहे, आणि तो त्याने स्वतःची झोप, प्रसंगी स्वतःचे प्राण, देऊन दिलेला आहे, ही हकीकत घरात म्हातारे कुत्रे सांभाळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेली असेल. मारिया मनासेइना या रशियन विदुषीने कुत्र्याच्या पिलांना अखंड जागे ठेवून पाहिले, तेव्हा ती चार-पाच दिवसांतच दगावली. उपाशी ठेवलेली पिले त्याहून कितीतरी अधिक दिवस तग धरतात, आणि म्हणून देहाला अन्नापेक्षाही निद्रेची निकड अधिक, असा निष्कर्ष तिने १८९४ साली मांडला. पुढे १९०९ साली जपानात नागोया येथे कुनिओमी इशिमोरी यांनी, आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये रने लजाँद्र व आंरी पिएरों यांनी, एकमेकांची वार्ताही नसताना जवळजवळ एकच प्रयोग केला. दीर्घ जागरण घडविलेल्या कुत्र्याच्या मेंदूतील द्रव त्यांनी विश्रांती झालेल्या दुसऱ्या कुत्र्यास टोचला, आणि तो दुसरा कुत्रा गाढ झोपी गेला. जागेपणी मेंदूत काहीतरी साचत जाते आणि तेच अखेर झोप ओढून आणते, हा विचार येथून रुजला. अशा साचणाऱ्या द्रव्यांत अ‍ॅडेनोसिनला आज प्रमुख स्थान आहे, आणि सकाळचा चहा जी तरतरी देतो ती मेंदूतील अ‍ॅडेनोसिनच्या जागा कॅफीनने अडवून धरल्यामुळेच. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तर डॉबरमन कुत्र्यांचा एक वंशच सांभाळला गेला होता. आवडते खाणे समोर येताच आनंदाच्या भरात त्यांचे पाय लटके पडत आणि ती जागच्या जागी कोसळत. त्यांच्या या व्याधीचे मूळ जनुक १९९९ साली सापडले, आणि मेंदूला जागे ठेवणाऱ्या हायपोक्रेटिन या द्रव्याचे कार्य त्यावरून उलगडले.

ज्याच्याकडून आपण एवढे शिकलो, तोच प्राणी म्हातारपणी आपली झोप मोडतो, तेव्हा ती का मोडते हे समजून घेण्याची तसदी आपण घ्यावी, एवढीच या लेखामागील इच्छा आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. धडधाकट कुत्राही रात्रभर सलग झोपत नाही. १९९३ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका निरीक्षणात कुत्रे सरासरी १६ मिनिटे झोपून ५ मिनिटे जागे राहतात आणि हे चक्र रात्रभर चालू ठेवतात, असे दिसून आले. परंतु ही जाग निमूट असते. कान टवकारावेत, कूस बदलावी आणि पुन्हा मान टाकावी, इतकाच तिचा विस्तार. वृद्ध कुत्र्याची जाग निराळी असते. मध्यमवर्गीय घरांतून पॉमेरेनियन म्हणून मिरवणारा पांढराशुभ्र, केसाळ स्पिट्झ चौदा-पंधरा वर्षांचा झाला, की रात्री दोन-अडीचच्या सुमारास फरशीवर त्याच्या नखांची टकटक सुरू होते. तो खोलीला एकाच दिशेने फेऱ्या घालतो. कपाट आणि भिंत यांच्यामधील फटीत शिरतो आणि मागे सरकून बाहेर यायचे असते हे विसरून तेथेच कण्हत उभा राहतो. ज्या दारातून आयुष्यभर ये-जा केली, त्या दाराच्या उघडणाऱ्या कडेऐवजी बिजागरीच्या बाजूस नाक लावून ते उघडण्याची वाट पाहतो. उचलून अंथरुणावर निजवावे, तर दहा मिनिटांत टकटक पुन्हा ऐकू येते. "म्हातारा झालाय, आता असंच चालायचं," असे म्हणून घरातील माणसे या साऱ्या प्रकाराची बोळवण करतात, आणि नेमके हेच वाक्य त्या मुक्या जीवाचे सर्वांत अधिक नुकसान करते, असे माझे मत आहे.

कारण हा लहरीपणा नव्हे, आणि नुसते वयही नव्हे. वृद्ध कुत्र्याच्या मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. हे प्रथिन कुत्र्यात आणि माणसात रचनेने तंतोतंत सारखे आहे, आणि माणसाच्या अल्झायमर रोगातही त्याचेच साठे सापडतात. माणसात आढळणारे टाऊ प्रथिनाचे गुंते कुत्र्यात सहसा दिसत नाहीत, म्हणून दोन्ही रोग एकच असे म्हणता येत नाही, परंतु नाते निकटचे आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११ ते १२ वर्षे वयाच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत, तर १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत बुद्धिऱ्हासाचे एक तरी लक्षण आढळले. दिशाभ्रम, माणसांशी वागण्यातील पालट, घरातच मलमूत्रविसर्जन आणि निद्राचक्राची उलथापालथ ही ती लक्षणे. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन २८ वृद्ध कुत्र्यांच्या मस्तकावर विद्युदग्रे लावली, त्यांना दुपारी दोन तास शांत खोलीत निजू दिले आणि मेंदूतील लहरींचा आलेख घेतला. २०२३ साली त्यांनी जाहीर केले, की ज्यांचा बुद्धिऱ्हास अधिक, त्यांना झोप लागण्यास विलंब अधिक, आणि लागलेली झोपही कमी. तेव्हा मध्यरात्री फेऱ्या घालणारा तुमचा कुत्रा तुम्हाला छळत नसतो. त्याची झोप त्याच्यापासूनच हिरावली गेलेली असते.

मात्र रात्रीची प्रत्येक जाग बुद्धिऱ्हासाच्या खाती घालणे हाही अन्यायच होईल. लहान जातींच्या वृद्ध कुत्र्यांत हृदयाची झडप सैल पडून फुप्फुसांत पाणी साचू लागते, आणि मग आडवे होताच खोकल्याची ढास लागते. मूत्रपिंडे थकली, किंवा मधुमेह जडला, तर कुत्रा भांडेच्या भांडे पाणी पितो आणि रात्री दोनदा-तीनदा त्याला बाहेर जावेसे वाटते. अशा रोग्याचे पाणी रात्री तोडणे ही केवळ निर्दयताच नव्हे, तर धोकाही आहे. सांधे आखडलेल्या कुत्र्यास कुशीवर पडणे आणि कुशीवरून उठणे, दोन्ही सारखेच दुःसह होते. म्हातारे मांजर मध्यरात्री मोठ्या, करुण स्वरात ओरडत हिंडू लागले, तर त्यामागे अवटु ग्रंथीचा अतिरेक किंवा वाढलेला रक्तदाब असू शकतो. यांपैकी बहुतेकांवर आज इलाज आहेत. बुद्धिऱ्हासावरसुद्धा, तो बरा करणारा नव्हे तरी लक्षणे सौम्य करणारा, सेलेजिलीनसारखा उपाय १९९८ पासून अमेरिकेत कुत्र्यांसाठी मान्य आहे. ज्या काळी शहराची वाहतूक घोड्याबैलांवर चालत असे, त्या काळी, १८८६ साली, परळला मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. वार्धक्याने जर्जर झालेला घरगुती कुत्रा हा त्या विद्येपुढील तुलनेने नवा रुग्ण आहे, आणि त्याच्या रात्रीची हकीकत मालकाने सांगितल्यावाचून वैद्याला ती कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आता शुश्रूषा करणाऱ्याकडे वळू, कारण या प्रकरणात दुसरा रुग्ण तोच आहे. रात्री एकंदर सात-आठ तास अंथरुणावर गेले, मध्ये चार वेळा उठावे लागले इतकेच, असा हिशेब लोक मांडतात. परंतु निद्रेचा जमाखर्च असा तासांच्या बेरजेने मांडता येत नाही. निद्रा सुमारे दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी पुढे सरकते; गाढ, मंदलहरींची झोप बहुतांशी रात्रीच्या पूर्वार्धात आणि स्वप्नांची झोप उत्तरार्धात पडते, आणि वारंवार उठणाऱ्यास या दोहोंपैकी एकही पुरती लाभत नाही. तेल अवीव विद्यापीठात २०१४ साली काही तरुण-तरुणींना आठ तास निजू दिले, पण मध्ये चार वेळा उठवून प्रत्येक वेळी थोडे काम करावयास लावले. दुसऱ्या गटास अवघे चार तास झोप दिली. सकाळी दोन्ही गटांचे अवधान सारखेच ढळलेले आणि मन सारखेच खिन्न झालेले आढळले. आणि ही केवळ एका रात्रीची गोष्ट. रोज सहाच तास झोप दोन आठवडे घेणाऱ्यांची अवस्था एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांसारखी होते, आणि त्याहून चिंतेची बाब म्हणजे आपण किती मंदावलो आहोत याची जाणीव त्यांना स्वतःला होत नाही, हे २००३ साली पेन्सिल्व्हेनियातील प्रयोगांनी दाखवून दिले.

याहीपेक्षा सूक्ष्म असा एक परिणाम आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८८ साली स्वीडिश संशोधकांनी जहाजांवरील इंजिनियरांच्या झोपेचे आलेख घेतले. ज्या रात्री धोक्याची घंटा वाजली तर उठण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे, त्या रात्री त्यांची झोप उथळ होई, आणि ही उथळता पहिली घंटा वाजण्यापूर्वीच सुरू झालेली असे. शेजारच्या खोलीतील नखांच्या टकटकीकडे एक कान लावून निजणाऱ्या माणसाची स्थिती याहून निराळी नाही. कुत्रा एखाद्या रात्री सुदैवाने शांत झोपला, तरी त्याचा मालक झोपलेला नसतो. म्हणूनच ज्या घरात दोन माणसे आहेत, तेथे दोघांनीही प्रत्येक वेळी अर्धवट उठावे याइतकी हानिकारक व्यवस्था दुसरी नाही. "अहो, आज तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपा, मी बघते त्याच्याकडे," एवढा साधा करार दोघांत झाला, आणि दुसऱ्या रात्री तो उलट बाजूने पाळला गेला, तर प्रत्येकास एकाआड एक तरी रात्र अखंड मिळते. एकट्याने राहणाऱ्याने आठवड्यातून एखादी रात्र भावाबहिणीस किंवा विश्वासू शेजाऱ्यास घरी निजावयास बोलवावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

संकोच वाटतो, हे मी जाणतो. "कुत्र्यासाठी एवढं?" हा प्रश्न आप्तेष्ट विचारतात, कचेरीत वरिष्ठ विचारतात, आणि शेवटी माणूस स्वतःलाच विचारू लागतो. त्याला शास्त्राचा दाखला हवा असेल, तर तोही उपलब्ध आहे. ओहायोतील केंट राज्य विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दुर्धर आजाराचे प्राणी सांभाळणारे ११९ आणि निरोगी प्राणी सांभाळणारे ११९ मालक यांची तुलना केली. पहिल्या गटात शुश्रूषेचा भार, मानसिक ताण, खिन्नता आणि चिंता यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते. हे दुःख खरे आहे आणि ही सेवाही खरी आहे.

जागरणाचा आणखी एक परिणाम सांगावयाचा तो अवघड विषयाला लागून असल्यामुळेच सांगणे अगत्याचे आहे. एक रात्र न झोपलेल्या माणसांना क्लेशकारक चित्रे दाखवली असता मेंदूतील अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग ६० टक्के अधिक उद्दीपित होतो, असे २००७ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले. दीर्घ आजारी कुत्र्यास दयामरण द्यावे की न द्यावे, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा आहे, त्याने तो पहाटे तीन वाजता, तो प्राणी कण्हत असताना आणि स्वतःचे डोळे चुरचुरत असताना, सोडवू नये. त्या घटकेला घेतलेला कोणताही निर्णय, मग तो थांबण्याचा असो वा पुढे जाण्याचा, थकव्याने घेतलेला असतो. दोन रात्रींची पुरती झोप झाल्यावर, वैद्याशी बसून, दिवसाच्या उजेडात तो घ्यावा.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. सकाळी ऊन अंगावर घेऊ द्यावे आणि संध्याकाळी हळूहळू का होईना फिरवून आणावे, म्हणजे दिवसरात्रीचा विसरलेला भेद शरीराला काहीसा आठवतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी. कपाटामागची फट उशीने बुजवावी. रात्री मंद दिवा तेवत ठेवावा, कारण मोतीबिंदूने अधू झालेल्या डोळ्यांना पूर्ण अंधार भिववतो. सामानाची जागा बदलू नये. आणि कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याच्या छातीचे वर-खाली होणे एक मिनिट घड्याळ लावून मोजावे: एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. हा आकडा मिनिटाला ३० च्या वर राहू लागला, तर हृदयाचा किंवा फुप्फुसांचा मामला असण्याचा संभव आहे, आणि सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करणे योग्य.

वाचकांना दोन गोष्टींची कळकळीची विनंती आहे. आपल्या औषधांच्या डब्यातील कोणतीही वेदनाशामक किंवा झोपेची गोळी प्राण्यास स्वतःच्या अखत्यारीत देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराचा आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचा जीव घेऊ शकते, आणि काही गोळ्यांत गोडीसाठी घातलेले झायलिटॉल कुत्र्यास विषासमान आहे. आणि येत्या आठवड्यातील प्रत्येक रात्रीची नोंद एका वहीत ठेवा: किती वाजता उठला, पाणी किती प्यायला, खोकला आला की नाही, श्वास किती भरले, जमल्यास त्याच्या फेऱ्यांचे मोबाईलवर चित्रण करा, आणि ती वही घेऊन पशुवैद्याकडे जा.