न पाहिलेल्या गावाची वाट

आमच्या शाळेच्या कुंपणाला रुईचे एक झुडूप आहे. त्याच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसतात आणि काही दिवसांनी तिथे नारिंगी फुलपाखरे उडू लागतात. याच फुलपाखराचा एक नातलग उत्तर अमेरिकेत आहे. त्याचे नाव मोनार्क.

मोनार्कची मादी रुईच्याच कुळातल्या मिल्कवीड या झाडाच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे अंडे घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते. ती आधी अंड्याचे कवच खाते, मग पाने. मिल्कवीडच्या चिकात विष असते. ते अळीला बाधत नाही. उलट अंगात साठून राहते आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. सुमारे दोन आठवड्यांत ती कोष करते. कोष हिरवा, त्यावर सोनेरी ठिपके. आणखी दहा-बारा दिवसांनी फुलपाखरू बाहेर पडते.

उन्हाळ्यातले मोनार्क दोन ते सहा आठवडे जगते. पण शरद ऋतूत जन्मलेली पिढी वेगळी. ती अंडी घालायची घाई करत नाही, आठ-नऊ महिने जगते आणि दक्षिणेकडे निघते. अर्ध्या ग्रॅमचा हा जीव दिवसा उडतो, रात्री झाडावर विसावतो. काही फुलपाखरे तर चार हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांच्या रानात पोहोचतात. तिथे ती इतकी दाटीने बसतात की फांद्या वाकतात. हे ठिकाण बाहेरच्या शास्त्रज्ञांना 1975 साली कळले.

मार्चमध्ये ती उत्तरेकडे निघतात, वाटेत अंडी घालतात आणि मरतात. पुढची वाट मुले, नातवंडे पुरी करतात. शरदात पुन्हा दक्षिणेला निघणाऱ्याने ते रान कधीच पाहिलेले नसते.

“सर, मग त्याला वाट कोण दाखवते?” वर्गातल्या एका मुलीने विचारले. सूर्य दाखवतो. सूर्य दिवसभर सरकतो, तरी मिशांमधल्या घड्याळाच्या आधाराने फुलपाखरू दिशा सांभाळते.

वाट अंगातच असते, पण वाटेवरचा घास माणसाच्या हाती असतो. शेतांतल्या तणनाशकांनी मिल्कवीड संपत चालले, डोंगरातली झाडे तुटली. 1996-97 च्या हिवाळ्यात मेक्सिकोतले सुमारे 18 हेक्टर रान मोनार्कनी व्यापले होते. 2013-14 मध्ये एक हेक्टरही नाही. आता तिकडे लोक अंगणात मुद्दाम मिल्कवीड लावतात.

आम्ही कुंपण साफ केले तेव्हा रुईचे झुडूप मात्र मुलांनी तोडू दिले नाही.