कॅशच्या दारावरची तपासणी

गोराईच्या म्हाडा वसाहतीतल्या एका छोट्या घरात माझी सहकारी एक ॲप लिहिते आहे. खाडी ओलांडून गोराई गावाकडे किंवा पॅगोडाला जाणाऱ्यांना बोटीच्या आणि भरतीच्या वेळा फोनवर दिसाव्यात, मधेच नेटवर्क गेलं तरी स्क्रीन कोरी पडू नये, एवढंच तिला हवं आहे. मी शेजारी बसून बघतो.

माहिती आणायला तिने व्हर्सेलची एसडब्ल्यूआर ही लायब्ररी घेतली आहे. हाताशी असलेली जुनी माहिती लगेच दाखवायची आणि मागून ताजी आणायची, ही तिची रीत. मूळ कल्पना मार्क नॉटिंगहॅम यांनी २०१० साली आरएफसी ५८६१ मध्ये मांडली होती. पण लायब्ररीची नेहमीची कॅश मेमरीत असते, पान बंद केलं की गेली. म्हणून २०२१च्या १.० आवृत्तीपासून आपली कॅश आपण पुरवण्याची सोय आली. आज त्या कॅशकडे गेट, सेट, डिलीट आणि कीज अशा चारच पद्धती असाव्या लागतात. जावास्क्रिप्टचा साधा मॅपही चालतो.

पहिला मसुदा दहाएक ओळींचा. ॲप उघडताना लोकलस्टोरेजमधला मजकूर जेसनमधून वाचून मॅप भरायचा, बंद होताना परत लिहायचा. टाइपस्क्रिप्टची तक्रार शून्य. तिला नेमकी तीच शांतता खटकली.

"जेसन पार्स काय परत देतं? एनी. आणि एनी असलं की कंपायलर डोळे मिटून घेतो."

तिने बोटीची वेळ 'डेट' प्रकारची लिहिली होती. जेसनमध्ये जाताना तिची स्ट्रिंग झाली, परत आली ती स्ट्रिंगच. टाइप मात्र अजून डेटच सांगत होता, त्यामुळे तासांचा आकडा मागताच ॲप कोसळलं. एररची गंमत याहून वरची. कॅशच्या प्रत्येक नोंदीत डेटा, एरर, आणखी माहिती येते आहे का, असे रकाने असतात. एरर ऑब्जेक्ट जेसनमध्ये गेला की उरतो रिकामा महिरपी कंस, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी तो 'खरा'. नेटवर्क परत आलेलं, पण ॲप उघडताच कालच्या बिघाडाचा लाल संदेश क्षणभर झळकून जायचा. मग तिने ठरवलं: फोनवर फक्त डेटा जाणार, बाकीचे रकाने नाहीत.

आता खरं काम. कॅश एकच, पण बोटींच्या कीखाली एका आकाराची यादी, भरतीच्या कीखाली दुसऱ्या. एकच टाइप सगळ्यांना लावला तर तो कोणाच्याच मापाचा नाही. लायब्ररीच्या हुकला, म्हणजे माहिती मागणाऱ्या फंक्शनला, कंसात टाइप सांगता येतो, पण तो आपला दावा. लायब्ररी तो तपासून बघत नाही. टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात, आणि फोनवर पडलेली नोंद गेल्या महिन्यातल्या आवृत्तीनेही लिहिलेली असू शकते. तेव्हा वाचलेल्या मजकुराला तिने 'अननोन' हा टाइप दिला. टाइपस्क्रिप्ट ३.० मध्ये, २०१८ साली आलेला हा टाइप तपासल्याशिवाय काहीच करू देत नाही. प्रत्येक कीसाठी एक तपासनीस फंक्शन: यादी आहे का, प्रत्येकात वेळ आहे का, स्ट्रिंगची डेट नीट होते का. नापास नोंद टाकून द्यायची. लायब्ररी ती पुन्हा आणतेच. दहा ओळींच्या सत्तर झाल्या. मला त्या रास्त वाटतात. कोड जिथे बाहेरचा मजकूर आत घेतो, तिथे टाइपचा नुसता शिक्का पुरत नाही.

एक गोष्ट तरीही निसटली होती. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. म्हणजे भरती रोज साधारण पाऊण तास, खरं तर त्याहून थोडी जास्तच, पुढे सरकते. कालची वेळ आज दाखवली तर टाइप अचूक, तपासणी पास, आणि जेट्टीवरचा माणूस फसलेला. एसडब्ल्यूआरच्या नोंदीत 'कधी आणलं' हा रकाना नाही. तिने साठवताना डेटाभोवती आपलं वेष्टन घातलं: तारीख आणि आवृत्ती. तारीख आजची नसेल तर बोटींचं वेळापत्रक 'जुनं' अशा खुणेसह दाखवायचं, भरतीची वेळ मात्र दाखवायचीच नाही.