जुने पॅड फेकण्याआधी

पंधरा वर्षांकडे झुकलेली गाडी ब्रेकच्या कामाला नेली, की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘साहेब, एक पॅड पार पत्र्याला टेकलाय, दुसरा निम्मा शिल्लक आहे. नवा सेट टाकून देतो.’ सेट पडतो, जुने पॅड भंगारात जातात आणि काही महिन्यांनी तोच पॅड पुन्हा पत्र्याला टेकतो. रोग शोधायचा तो जुन्या पॅडवरूनच. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड आधी ओळीनं मांडून बघावेत. कुठला डावीकडचा, कुठला उजवीकडचा, आतला कुठला, बाहेरचा कुठला, हे खडूनं पाठीवर लिहून ठेवावं.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या जुन्या अल्टो, सँट्रो, इंडिकांचं एक ठरलेलं आयुष्य असतं. आठवडाभर पार्किंगमध्ये उभी, मग बोगद्याजवळच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडपट्टी, आणि कधीतरी एकदम कसारा घाट. त्यामुळे ‘शहरात सारखा ब्रेक मारावा लागतो, म्हणून पॅड असे झिजतात’ हे पटकन पटतं. कोंडीत पॅड लवकर झिजतात हे खरंच आहे. पण मग चारही सारखे झिजायला हवेत. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलचा दाब दोन्ही पुढच्या चाकांना सारखाच पोहोचतो. एकच पॅड संपला असेल, तर दोष पायात नाही, चाकापाशी काहीतरी अडकलं आहे. व्हील अलाइनमेंटलाही उगाच दोष देऊ नये. ती बिघडली तर टायर खाते, पॅड नाही.

काय अडकतं, हे कळायला रचना समजून घ्यावी लागते. बहुतेक छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्या जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पाय काढल्यावर पिस्टन मागे घ्यायला स्प्रिंग वगैरे काही नसते. पिस्टनभोवतीचं रबरी सील दाबाखाली थोडं वाकलेलं असतं. ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, एवढंच. तिथे गंज धरला किंवा सील कडक झालं, की पॅड डिस्कला घासतच राहतो.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा किंचित पातळ असणं चालतं. तो खूपच पातळ असेल तर पिस्टन मागे जात नाही, किंवा पिना जाम असल्यानं सगळं काम आतल्या पॅडवर पडतंय. बाहेरचा संपला असेल तर कॅलिपर ब्रेक सोडल्यावर परत सरकत नाही. तिथे संशय पिनांवर. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा तिरका झिजला असेल तर बहुधा एकच पिन अडकलेली असते, नाहीतर पॅडचे कान ब्रॅकेटमधल्या गंजात रुतलेले असतात. म्हणूनच अलॉय व्हीलच्या फटीतून डोकावून ‘पॅड चांगले आहेत’ म्हणणं धोक्याचं. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला बघायला चाक काढावंच लागतं.

डावा-उजवा फरक असेल तर आणखी एक चकवा आहे. पातळ पॅडचं चाक बिघडलेलं, असं सगळे धरून चालतात. कधीकधी उलटं असतं. जाड पॅडच्या बाजूचा पिस्टन जाम होऊन ते चाक ब्रेकच धरत नाही आणि दुसरं एकटंच राबतं. तेव्हा ब्रेक मारताना गाडी पातळ पॅडच्या बाजूला ओढते, पण दुरुस्ती दुसऱ्या बाजूला लागते.

चाक घासत राहतं आणि तापतं, तेव्हा ‘कॅलिपर गेला’ असा निकाल देण्याआधी एक साधी परीक्षा करता येते. गाडी जॅकवर आणि स्टँडवर घेऊन ब्रेक दाबून सोडावा. चाक हातानं फिरत नसेल तर ब्लीडिंग निपल थोडा सैल करावा. ऑइल बाहेर पडून चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. एकाच चाकाला असं होत असेल तर बहुतेक वेळा जुना होज पाइप आतून फुगून बंद झालेला असतो. बाहेरून तो अगदी ठणठणीत दिसतो. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर पिस्टन, पिना किंवा पॅड अडकलेत.

पिना मोकळ्या करताना हाताशी असलेलं बेअरिंगचं ग्रीस फासण्याची पद्धत सर्रास आहे. तिला ठाम नकार द्यावा. पेट्रोलियमच्या ग्रीसनं तिथलं रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट होते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच हवं. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनेवर रबरी बुश असतो. त्या पिनांची अदलाबदल चालत नाही. पिनेचा बूट फाटला असेल तर नाशिकच्या एका पावसाळ्यात पाणी आत जाऊन सगळी मेहनत वाया जाते, तेव्हा बूटही बदलावा. नवे पॅड ब्रॅकेटमध्ये हातानं सरकायला हवेत. हातोडीनं ठोकून बसवलेला पॅड पहिल्या दिवसापासून अडकलेलाच असतो.

‘ऑइल कमी झालं, टॉप-अप केलं’ हेही तपासून बघावं. गळती नसतानाही पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी उतरते, कारण पिस्टन पुढे सरकून मागची जागा ऑइलनं भरते. म्हणून पातळी उतरलेली दिसली की आधी गळती बघावी, मग पॅड बघावेत, मगच ऑइल भरावं. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. जाम कॅलिपरनं तापलेलं चाक घेऊन कसारा घाट उतरताना ऑइल उकळलं, तर त्याची वाफ होते, पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. तेव्हा पिस्टन आणि पिनांचं काम काढलंच आहे, तर जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरून घ्यावं, आणि दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदलावेत.