काँक्रीटच्या कारखान्यातील धूळ व तिचे मोजमाप

धुळीशी आम्हा धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांचा संबंध जन्माचा. माझ्या वखारीत पोती झाडणारा एक जुना हमाल अनेक वर्षे खोकत असे. हा बिडीचा खोकला, असे ठरवून मी स्वस्थ बसलो. पुढे त्यास डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, "हा काम काय करतो?" तो प्रश्न मी विसरू शकलो नाही. रोग्यास त्याचा धंदा अवश्य विचारावा, असे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्येच आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. त्याच ग्रंथात पाथरवटांबरोबर धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या रोगांचाही विचार आहे.

हे आठवण्याचे कारण असे की, माझ्या पुतण्याने काँक्रीटचे आयते खांब, फरशा व नळ साच्यांत ओतून तयार करण्याचा कारखाना काढला आहे. तो म्हणाला, "काका, शेड उघडी आहे, वारा खेळतो, धूळ दिसते तरी कोठे?" मी डॉक्टर नव्हे की इंजिनिअर नव्हे, परंतु चौकशीअंती जे कळले ते सभासद बंधूंपुढे ठेवतो.

जी धूळ डोळ्यांस दिसते ती बहुधा नाकात व घशात अडकते. न दिसणारी धूळ अधिक घातक होय. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे कण बहुतांशी ४ मायक्रॉनहूनही बारीक असतात. वाळूत गारगोटीचा अंश मोठा असतो. खडीत तो दगडाच्या जातीप्रमाणे कमी-अधिक असतो. या गारगोटीची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. काम सोडल्यावरही वाढू शकतो आणि क्षयाला वाट करून देतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणूनही या धुळीची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली केली.

ओले काँक्रीट ओतताना धूळ थोडी असते. सिमेंटची पोती मिक्सरमध्ये रिकामी करताना, सुकलेला माल करवतीने कापताना, घासताना, त्यास भोके पाडताना, साचे हवेच्या झोताने साफ करताना आणि कोरड्या झाडूने झाडताना ती फार उडते. म्हणून कोणता मनुष्य कोणते काम किती तास करतो, याची यादी हीच परीक्षेची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी मोजणीची. कामगाराच्या कमरेस लहान पंप व नाकाजवळ कॉलरला गाळणी लावतात. पंपाने मिनिटास २ लिटर हवा ओढली, तर आठ तासांत ९६० लिटर, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर हवा गाळली जाते. गाळणीचे वजन ०.५ मिलिग्रॅम वाढले आणि तपासणीत त्यातील दहावा हिस्सा गारगोटी निघाली, तर ती ०.०५ मिलिग्रॅम झाली. अमेरिकेने २०१६ साली ठरविलेली मर्यादा घनमीटरमागे एवढीच आहे. गव्हाचा दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा. म्हणजे ही मर्यादा दाण्याचा आठशेवा भाग! हे नजरेने कसे तोलावे?

पुतण्याने मोजणी करविली. ओतण्याच्या जागी आकडा अल्प निघाला. कापण्याच्या जागी, त्याच उघड्या शेडमध्ये, तो मर्यादेच्या वर गेला. आता करवतीवर पाण्याची धार असते, झाडूऐवजी धूळ ओढून घेणारे यंत्र आहे, आणि कामगारांची छाती व श्वास ठराविक काळाने तपासला जातो. मुखवटा हा शेवटचा उपाय. तोही चेहऱ्यास घट्ट बसणारा हवा. तोंडास बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही.

आपण मालाचे वजन काट्यावर करतो, अंदाजावर सोडीत नाही. आपल्या पदरी राबणाऱ्याच्या श्वासाचा हिशेब मात्र मी अंदाजाने केला, तो चुकला. ज्या बंधूंनी अशा कारखान्यांत हात घातला आहे त्यांनी ती चूक करू नये, एवढीच विनंती.