गोळी चुकवू नका, टोमणा मारू नका

आमच्या धाकट्या भावाला २००९ साली पहिल्यांदा आवाज ऐकू येऊ लागले. आयटीआय करून कारखान्यात लागलेला बावीस वर्षांचा मुलगा. रात्रभर जागायचा, भिंतीशी बोलायचा, आई जेवणात काहीतरी कालवते म्हणून ताट सारायचा. वस्तीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणाले लग्न लावा, ताळ्यावर येईल. अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे करणारे आम्ही, पण आईचे रडणे पाहवले नाही आणि मांत्रिकाच्या दारात गेलो. लिहिताना लाज वाटते. सात महिने आणि आईच्या कानातले त्यात गेले.

शेवटी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. आजाराचे नाव कळले : स्किझोफ्रेनिया. हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे. करणी नाही, आईच्या वळणाचा दोषही नाही. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. दोन महिन्यांत भाऊ शांत झोपू लागला.

मग चूक आमची झाली. बरा झाला समजून आम्ही गोळ्या थांबवल्या. सुस्ती येते, हात थरथरतात, म्हणजे गोळ्याच वाईट, असा आमचा हिशेब. हा त्रास डॉक्टरांना सांगितला तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, हे विचारायचे सुचलेच नाही. चार महिन्यांत आजार उलटला. कारखान्यातली नोकरी गेली.

दुसरी चूक जिभेची. ‘आयते खातोस’ हे आम्हीच बोललो. वेळेवर न उठणे, आंघोळ टाळणे, गप्प बसणे हाही आजाराचाच भाग असतो. ज्या घरात सतत टीका होते तिथे हा आजार पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो, असे अभ्यासात दिसले आहे. रुग्ण आवाजांविषयी बोलला तर वाद घालू नये, खोटा होकारही देऊ नये. ‘तुला भीती वाटत असेल, मी जवळ आहे,’ एवढे पुरते. मरणाची भाषा केली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि आई? दहा वर्षे तिला ना झोप, ना एखादे लग्नकार्य. २०१९ साली ती चक्कर येऊन पडली तेव्हा आमचे डोळे उघडले. आता कामे वाटून घेतली आहेत. गोळ्या पत्नी देते, दवाखाना आमच्याकडे, रविवारी बहीण येते आणि आई मोकळी होते.

२००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आणि सरकारी उपचारांचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

भाऊ आज एका दुकानात अर्धा दिवस काम करतो. गोळी रोज चालू आहे. पहिल्या पगारातून त्याने आईला कानातले आणले. खोटेच, पण ती काढत नाही.

बंधू-भगिनींनो, शेजारी असे घर असेल तर कुजबुजू नका. तासभर त्या मुलाजवळ बसा, त्याच्या आईला जरा बाहेर जाऊन येऊ द्या.