दिसणारी किंमत आणि हातीं येणारी रक्कम

आमच्या शेतकरी बंधूंपैकीं कित्येकांच्या घरचा माल हल्लीं मोबाइलवरील ऑनलाइन बाजारांतून परस्पर गिऱ्हाइकाच्या दारीं जाऊं लागला आहे. मधला दलाल टळला म्हणून समाधान वाटणें साहजिक आहे. परंतु दलाल गेला तरी त्याचें काम जात नाहीं. माल साठविणें, बांधणें, पोंचविणें व परत आला तर घेणें हीं चार कामें कोणास तरी करावींच लागतात, व त्यांचें मोल विक्रेत्याच्याच रकमेंतून जातें. तें आधीं न मांडतां जो किंमत ठरवितो, तो पदरचे पैसे घालून आपला माल दुसऱ्याच्या घरीं पोंचवितो. हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं. ही चूक आम्हीं स्वतः केली आहे.

गेल्या हंगामांत घरची हळद दळून आम्हीं अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरल्या व २०० रुपये किंमत ठेवून ६४ पुडकीं धाडलीं. मागणी चांगली आली. चिरंजीवांचा तर मनसुबा झाला कीं, उरलेली १० क्विंटल हळद पेठेंत न नेतां याच वाटेनें विकावी. इतक्यांत हिशेबाची पट्टी आली. पोंचविण्याचा आकार अर्ध्या किलोचा नसून एक किलोचा लागला होता. आम्हीं तक्रार केली. उत्तर आलें कीं, आकार बरोबर आहे. नीट पाहतां तो खरोखरच बरोबर होता.

याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, वजन नुसत्या मालाचें नव्हे, खोक्यासकट धरितात. आकार अर्धा किलो, एक किलो अशा टप्प्यांनीं चढतो. आंत पुरा अर्धा किलो माल घातला कीं पिशवी व खोक्याच्या भारानें पुडकें पुढच्या टप्प्यांत गेलेंच. दुसरें कारण खोक्याच्या मापाचें. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करितात व त्यास बहुधा ५,००० नें भागितात. येणारा आंकडा किलोंत घनवजन होय. खरें वजन व घनवजन यांपैकीं जें अधिक, त्यावर आकार बसतो. आमचें खोकें २५, २० व १० सेंटिमीटरांचें. गुणाकार ५,०००, म्हणजे घनवजन पुरतें एक किलो! खोक्यांतल्या रिकाम्या हवेचेंही भाडें आम्ही भरीत होतों.

सातबाराच्या उताऱ्यावर पोटखराबा निराळा दाखविलेला असतो, व त्यांत पीक धरून कोणी उत्पन्नाचा अंदाज करीत नाहीं. विक्रीच्या किमतीसही असाच पोटखराबा आहे. आमच्या पुडक्याचा तो असा निघाला :

विक्रीची किंमत — २०० रुपये.
कमिशन, शेंकडा ८ प्रमाणें — १६ रुपये.
दर पुडक्यामागें ठराविक आकार — २० रुपये.
पोंचविण्याचा आकार — ६० रुपये.
या ९६ रुपयांवर शेंकडा १८ वस्तु व सेवा कर — १७ रुपये २८ पैसे.
पिशवी, खोकें, चिकटपट्टी — १४ रुपये.
बाकी — ७२ रुपये ७२ पैसे.

अर्धा किलो हळद पिकवून, दळून, चाळून आम्हांस ८५ रुपयांस पडली होती. म्हणजे दर पुडक्यास १२ रुपये २८ पैसे तोटा. शिवाय ६४ पैकीं ४ पुडकीं परत आलीं. उघडलेली पिशवी पुन्हां विकतां येत नाहीं. येण्याजाण्याची वाहतूक, बांधणी व हळद मिळून प्रत्येकीं १५० रुपये बुडाले. हे ६०० रुपये विकल्या गेलेल्या ६० पुडक्यांवर वांटले पाहिजेत, तेव्हां दरेकावर आणखी १० रुपये चढले. एकूण तोटा २२ रुपये २८ पैसे. साठ पुडक्यांत तो सोसवला. परंतु १० क्विंटलांचीं २,००० पुडकीं अशींच धाडलीं असतीं, तर घरचे ४१,७७५ रुपये गेले असते.

पुढें आम्हीं ४५० ग्रॅमच्या चार पिशव्या एका आटोपशीर खोक्यांत घालून ६८० रुपयांस विकल्या. पुडकें दोन किलोंच्या आंत राहिलें. ठराविक आकार तोच, २० रुपये. पोंचविण्याचा ११०, कमिशन ५४ रुपये ४० पैसे, त्यांवरील कर ३३ रुपये १९ पैसे, बांधणी २४. हळदीचे ३०६ रुपये वजा जातां १३२ रुपये ४१ पैसे उरले. ठराविक आकार लहान पुडक्यास जड व मोठ्यास हलका पडतो, हें यांतील वर्म. अर्थात् परतीचा वांटा यांतूनही काढावाच लागतो.

कराविषयीं दोन शब्द. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखालीं आहे, त्यांस आपल्याच राज्यांत ऑनलाइन बाजारांतून वस्तु विकण्यास वस्तु व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाहीं. परराज्यांत माल धाडावयाचा असल्यास ती लागते. नोंदणी नसलेल्यास वरील शेंकडा १८ हा निव्वळ खर्च होय. नोंदणी असलेल्यास त्याची वजावट मिळते, पण हळदीवरील शेंकडा ५ कर किमतींतून काढून ठेवावा लागतो. प्राप्तिकरापोटीं कापलेली रक्कम मात्र खर्च नव्हे. ती विवरणपत्रांत वळती होते.

वर दिलेले दर आमच्या पट्टीचे आहेत. ते बाजाराबाजारांत निराळे असतात व मधूनमधून बदलतात. म्हणून दरपत्रक त्याच दिवशीं पाहावें. आमची विनंति इतकीच कीं, माल धाडण्यापूर्वीं एक पुडकें पुरें बांधून तराजूवर ठेवावें, टेपानें मोजावें, व वरील ओळी कागदावर मांडून बाकी काढावी. तीच बाकी पेठेंतील भावांतून हमाली, तोलाई व गाडीभाडें वजा जातां उरणाऱ्या रकमेशीं ताडून पाहावी. जेथें अधिक उरेल तेथें माल न्यावा. चिरंजीवांनीं शेवटीं ८ क्विंटल हळद पेठेंत घातली व २ क्विंटल पुडक्यांसाठीं ठेवली. प्रत्येक खोक्याचें माप आतां वहींत लिहिलें जातें.