पैलवानाबरोबर ‘कान्पाई’!

रिंगमध्ये खुर्च्या मोडणारा गडी पार्टीत चक्क तुमच्या ग्लासात बिअर ओततो. जपानमधल्या लोकल कुस्तीगिरांच्या फॅन पार्ट्यांची ही हटके दुनिया...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपबरोबर ‘बसायचं’ म्हणजे आपल्याकडे काय? तीच ठरलेली जागा, बॉसच्या नावाने तोच शंख आणि बिल आलं की एकेकाला अचानक येणारे अर्जंट फोन! आता जरा वेगळी कल्पना करा. टेबलाच्या पलीकडे सव्वाशे किलोचा एक धिप्पाड गडी मांडी घालून बसलाय. तासाभरापूर्वी त्याने दुसऱ्या एका धिप्पाड गड्याला डोक्यावर उचलून आपटलंय आणि तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडलाय. तोच गडी आता दोन्ही हातांनी बाटली धरून अदबीने तुमचा ग्लास भरतोय आणि विचारतोय, ‘कितव्या रांगेत बसला होतात?’

फिल्मी वाटतंय ना? पण जपानमधल्या छोट्या शहरांत हे बऱ्यापैकी कॉमन आहे. तिथल्या प्रो-रेसलिंगला म्हणतात ‘पुरोरेसु’ आणि फॅन आणि पैलवान एकाच टेबलावर जेवणं हा या दुनियेचा जुना रिवाज.

आधी फंडा क्लिअर करू

शाळेत मधल्या सुट्टीत रेसलिंगची कार्डं घेऊन ‘चेस्ट किती, फाइट्स किती’ खेळलेली पिढी आपली. त्यामुळे बेसिक गोष्ट सांगायची गरज नाही: यात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पण आपटणं खरं असतं, दुखणं खरं असतं आणि कधीकधी आयुष्यभराची इजाही खरी असते.

जपानमध्ये याची सुरुवात झाली रिकिदोझानपासून. कोरियात जन्मलेला हा सुमो पैलवान सुमो सोडून प्रो-रेसलिंगमध्ये आला आणि १९५३ मध्ये त्याने स्वतःची संस्था काढली. फेब्रुवारी १९५४ मध्ये अमेरिकेहून आलेल्या शार्प बंधूंशी त्याची लढत झाली, तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते. चौकाचौकांत लावलेल्या टीव्हीसमोर लोकांची तुफान गर्दी उसळली. युद्धात हरलेल्या देशाला आपला माणूस धिप्पाड गोऱ्यांना लोळवताना दिसत होता. मग काय, रिकिदोझान सुपरस्टार! १९७२ मध्ये त्याच्या दोन चेल्यांनी, म्हणजे अंतोनियो इनोकी आणि जायंट बाबा यांनी, आपापल्या वेगळ्या कंपन्या काढल्या आणि धंदा आणखी पसरला.

रिकिदोझान सुमोमधून आला, तशा तिथल्या चालीरीतीही त्याच्याबरोबर आल्या. सीनियरपुढे मान झुकवायची, ‘चान्को’ नावाचं मोठ्या भांड्यातलं रटरटतं जेवण सगळ्यांनी मिळून खायचं आणि आश्रयदात्यांना जपायचं. या आश्रयदात्यांना जपानी बोलीत ‘तानिमाची’ म्हणतात. ओसाकातल्या तानिमाची भागातला एक डॉक्टर सुमो पैलवानांकडून पैसे घेत नसे, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हा कन्सेप्ट समजावून सांगायला नको!

आपल्या गावचा मुखवटेवाला

मोठ्या कंपन्यांचे स्टार लांबूनच बघायचे. खरी मजा लोकल कुस्तीत. १९९३ मध्ये ‘द ग्रेट सासुके’ या मुखवटेधारी पैलवानाने उत्तर जपानमधल्या इवाते प्रांतात ‘मिचिनोकु प्रो’ सुरू केली. टोकियोच्या झगमगाटापासून दूर, तोहोकूच्या गावागावांतल्या जिमखान्यांमध्ये शो करायचे, ही आयडिया तेव्हा सॉलिड वेगळी होती. २००३ मध्ये हा गडी इवातेच्या प्रांतिक विधानसभेवर निवडून आला आणि सभागृहातही मुखवटा घालूनच बसला. बाकीच्या सदस्यांनी नाकं मुरडली, पण मतदारांनी त्याला मुखवट्यासकटच निवडून दिलं होतं!

सासुके राजकारणात गेला तेव्हा कंपनीची सूत्रं हाती घेतली शिन्झाकी जिनसेई याने. पांढऱ्या यात्रेकरूच्या वेशात येणाऱ्या या पैलवानाने सेंदाई शहरात रामेनचं दुकानही टाकलं. ओसाकात १९९९ पासून ‘ओसाका प्रो’ने वेगळाच तमाशा मांडला. तिथला एक पैलवान शहरातल्या प्रसिद्ध हॉटेलाबाहेरच्या ढोल वाजवणाऱ्या जोकर-पुतळ्यावर बेतलेला, तर दुसरा धंद्यात बरकत देणाऱ्या एबिसु देवावर. समजा, आपल्याकडे कुणी खंडोबाचा भंडारा उधळत रिंगमध्ये उतरला तर पब्लिक कसं पेटेल? तस्संच!

पार्टीत नेमकं होतं काय?

मोठा शो संपला की ‘उचिआगे’, म्हणजे काम फत्ते झाल्याची पार्टी. डिसेंबरमध्ये ‘बोनेन्काई’, म्हणजे सरत्या वर्षाची टेन्शन्स विसरायची पार्टी. कधी फॅन क्लबचं गेट-टुगेदर असतं. वर्गणी आधीच ठरलेली असते. जागा म्हणजे एखादं इझाकाया, जिथे पिणं आणि खाणं दोन्ही दणकून होतं, किंवा हॉटेलातला छोटा हॉल. ठराविक वेळात हवं तेवढं प्या, अशी सोय बहुतेक ठिकाणी असते.

सुरुवातीला भाषण, मग सगळ्यांनी ग्लास उंचावून ‘कान्पाई!’ त्याआधी घोट घेतलात तर तुम्ही नवखे आहात हे जगजाहीर. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही. तुम्ही शेजाऱ्याचा भरायचा, शेजारी तुमचा भरणार. पैलवान एका टेबलाहून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतात, म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या लाजाळू फॅनलाही पाच मिनिटं मिळतात. मुखवटेवाले मुखवटा काढत नाहीत. ज्यांच्या मुखवट्याला तोंडाशी जागा असते ते आरामात जेवतात, बाकीच्यांच्या नशिबी स्ट्रॉ!

सगळ्यात धमाल म्हणजे ‘जानकेन’ स्पर्धा. आपण लहानपणी खेळायचो तेच दगड-कागद-कात्री. पैलवान स्टेजवर उभा राहून अख्ख्या हॉलशी एकटा खेळतो. हरलात की खाली बसायचं. शेवटी जो उभा राहील त्याला सही केलेला टी-शर्ट. बँकेतला मॅनेजर आणि कॉलेजची पोरगी दोघंही त्या टी-शर्टसाठी जिवाच्या आकांताने हात नाचवत असतात. शेवटी सगळे मिळून एकच टाळी वाजवतात आणि पार्टी संपते. ज्यांना उरक नसतो ते ‘निजिकाई’ला, म्हणजे दुसऱ्या राउंडला निघतात.

आणि हो, ‘हे सगळं खोटं असतं ना?’ हा प्रश्न इथे विचारायचा नाही. फॅनला माहीत असतं, पैलवानालाही माहीत असतं. तरी सगळे गप्पा मारतात त्या तिसऱ्या मिनिटाला बसलेल्या लाथेच्या.

टी-शर्टचं अर्थकारण

‘किती साधा माणूस आहे!’ असं म्हणून भारावून जाण्याआधी थोडं गणित मांडू. छोट्या कंपनीत मानधन तुटपुंजं असतं. अनेक पैलवान दिवसा दुसरं काम करतात. शोची तिकिटं स्वतःच ओळखीपाळखीत विकतात. मध्यंतरात घामेजलेल्या अंगाने टेबलामागे उभे राहून फोटो आणि टी-शर्ट विकतात. टोकियोच्या डीडीटी या कंपनीने तर शिंजुकूत बारच काढला होता. तिथे पैलवानच ऑर्डर घ्यायचे, पैलवानच ग्लास आणून द्यायचे.

मोठं नाव असलं तरी धंदा सोपा नसतो. तोशिआकी कावादा हा ऑल जपान कंपनीचा एकेकाळचा टॉप स्टार. त्याने २०१० मध्ये टोकियोत रामेनचं हॉटेल काढलं आणि ते टिकवायला मर्सिडीज गाड्या विकाव्या लागल्याचं स्वतःच पुस्तकात लिहिलं.

म्हणजे पार्टी हाही कामाचाच भाग आहे. समोरचा हसतोय, तुमचं नाव लक्षात ठेवतोय, कारण पुढच्या शोला तुमची खुर्ची भरलेली हवी. मग ती दोस्ती खोटी का? आपण क्लायंटबरोबर जेवायला जातो, त्यातले दोन-चार जण पुढे लग्नाला येतात, पोरांच्या बारशाला येतात. नातं कामातून सुरू झालं म्हणून खोटं ठरत नाही. फक्त आपण त्यात कुठे उभे आहोत, याचं भान लागतं.

रेष कुठे मारायची?

हे भान सुटलं की काय होतं, हे जपानने पाहिलंय. जुन्या काळात पैलवान, पैसेवाले आश्रयदाते आणि गुंड एकाच नाइट क्लबमध्ये बसत. ८ डिसेंबर १९६३ रोजी टोकियोतल्या अशाच एका क्लबमध्ये बाचाबाची झाली, एका याकुझाने रिकिदोझानला भोसकलं आणि आठवड्याने तो गेला. महिलांच्या ऑल जपान विमेन्स या कंपनीने दुसरं टोक गाठलं. दारू, सिगरेट आणि पुरुष, या तिन्हींना पैलवान मुलींसाठी सक्त बंदी.

आता धोका बदललाय. तो टेबलावर नाही, खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. हाना किमुरा ही स्टारडम कंपनीची २२ वर्षांची पैलवान. तिची आई क्योको हीसुद्धा पैलवानच होती. ‘टेरेस हाउस’ या रिअॅलिटी शोमधल्या एका प्रसंगानंतर अनोळखी लोकांनी ऑनलाइन तिच्यावर विखाराचा भडिमार केला आणि २३ मे २०२० रोजी तिने आयुष्य संपवलं. आईने न्यायासाठी लढा दिला. २०२२ मध्ये जपानने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. आधी ३० दिवसांहून कमी कोठडी किंवा किरकोळ दंड होता. आता एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

ज्याने तिच्यासमोर बसून दोन घास खाल्ले असते, तिला दमलेली पाहिलं असतं, त्याची बोटं ते टाइप करायला धजावली असती का? समोरासमोरच्या भेटीची किंमत इथे कळते.

आणि याच भेटींमधून जमा झालेली माया वेळेला उभीही राहते. ४ मे २०१७ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाकात डीडीटीच्या एका लढतीत योशिहिरो ताकायामा या दांडग्या पैलवानाच्या मानेला जबर दुखापत झाली. मानेखालचं शरीर लुळं पडलं. मित्रांनी ‘ताकायामानिया’ नावाने मदतनिधी उभा केला आणि शोच्या ठिकाणी फॅन्स डब्यांत पैसे टाकू लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये ताकायामा व्हीलचेअरवरून रिंगमध्ये आला. समोर जुना दोस्त आणि जुना वैरी मिनोरू सुझुकी. ‘ऊठ!’ म्हणून ओरडणाऱ्या सुझुकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ही लढत ठरवूनच लावलेली होती, तरी हॉलमधल्या कुणालाही ती खोटी वाटली नसणार.

आपलं कनेक्शन

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं, त्या वजनगटाचं सुवर्ण कुणी नेलं माहितीये? जपानच्या शोहाची इशीने. ती खरीखुरी कुस्ती, ही करमणुकीची, पण मातीशी नातं तेच. आपल्या जत्रेतल्या फडात एखाद्या पोराने झकास डाव मारला की गर्दीतून कुणीतरी उठतो, इनाम जाहीर करतो आणि हलगी कडाडते. जपानी फॅन रंगीत कागदी फिती रिंगमध्ये भिरकावतो आणि नंतर पार्टीत बिअर ओततो. पद्धत वेगळी, पण ‘गड्या, आम्ही बघतोय’ हा निरोप एकच.

पुढेमागे टोकियोत ऑनसाइटला गेलात, तर आपली देशी मंडळी जिथे भरपूर राहतात त्या निशि-कासाईहून तोझाई लाइन पकडा, ईदाबाशीला बदला आणि पुढच्याच सुइदोबाशी स्टेशनला उतरा. कोराकुएन हॉल पाचव्या मजल्यावर आहे. जिन्याने चढा, भिंतींवर फॅन्सनी वर्षानुवर्षं लिहिलेलं दिसेल.

पार्टीला जाताय? मग एवढं पाळा
• फोटो काढण्याआधी विचारा. हातात ग्लास असलेल्या पैलवानाचा फोटो नेटवर टाकू नका.
• मुखवट्याला हात लावायचा नाही. गमतीतही नाही!
• शोमध्ये जे एकमेकांचे वैरी आहेत, त्यांना एका फ्रेममध्ये उभं करायचा हट्ट नको.
• महिला पैलवानाला घरचा पत्ता, पर्सनल नंबर विचारणं म्हणजे थेट बाहेरचा रस्ता.
• ‘मला एक फटका मारा ना’ ही फर्माइश इनोकीच्या काळात फेमस होती. लोक रांग लावून त्याची थप्पड खायचे. तरी सोमवारी प्रेझेंटेशन असेल तर विचार करा.
• निघताना टेबलावरून एक टी-शर्ट विकत घ्या. त्या गड्याचा परतीचा प्रवासखर्च बहुधा त्यातूनच निघणार असतो.